एका जीपचे सात भाव

मोताळ्यात विकायला काढलेल्या वस्तूला गिऱ्हाईक मागाहून मिळतं, भाव सांगणारे आधी येतात. म्हैस असो, मळणीयंत्र असो, की सुनेच्या माहेराहून दुसरं आल्यामुळे जास्तीचं झालेलं लोखंडी कपाट असो; वस्तू ओट्यासमोर उभी राहायचा अवकाश, रस्त्याने जाणारा थांबतो, वस्तूवर एक थाप मारतो आणि विचारतो, “कितीले मांगली?” त्याला ती घ्यायची नसते. घ्यायची असती तर तो थांबलाच नसता. चार दिवस त्या रस्त्याने न फिरकता त्याने पाहुण्यारावळ्यांमार्फत चौकशी केली असती.

हे सगळं माहीत असूनही आमच्या मोठ्या काकांनी जीप धुऊनपुसून मलकापूर रस्त्याकडे तोंड करून उभी केली आणि काचेवर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावली. पाटीवर किंमत नव्हती. किंमत अजून ठरायची होती, आणि ती ठरवण्याच्या कामावर माझी नेमणूक झाली, कारण मोबाईलवर जाहिरात टाकता येणारा घरात मी एकटाच होतो.

जीप १९८२ ची. महिंद्राची सीजे थ्री बी, उंच बोनेटवाली. ही मूळ अमेरिकेतल्या विलीज कंपनीची १९५३ ची रचना. हरिकेन नावाचं नवं इंजिन जुन्यापेक्षा उंच निघालं, ते बोनेटखाली मावेना, म्हणून कंपनीने बोनेटच वर उचललं. इतका सरळ उपाय आमच्या मिस्त्रीलाही सुचला असता. अमेरिकेत १९६८ मध्ये हे मॉडेल बंद पडलं, आपल्याकडे मात्र ते पुढे कितीतरी वर्षं निघत राहिलं. महिंद्रा कंपनी १९४५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. जीप आपल्या वाट्याला आली. त्या वाटणीबद्दल मोताळ्यात आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

आमच्या भागाला जीपचं कौतुक नाही, सवय आहे. मलकापूरच्या काळी-पिवळीत ड्रायव्हरच्याही उजवीकडे, अर्धं अंग बाहेर ठेवून ज्याने प्रवास केला, त्याला फोर व्हील ड्राइव्हचं महत्त्व कुणी सांगू नये. ड्रायव्हर गिअर टाकताना नुसतं “पाय!” म्हणायचा, कोणाचा पाय ते ज्याचं त्याने ओळखायचं. काकांची जीप मात्र खाजगी. एका सरकारी खात्याच्या लिलावातून त्यांनी ती १९९६ मध्ये साठ हजारांना घेतली. पेट्रोलचं इंजिन आठच्या वर ॲव्हरेज देईना, तेव्हा ते काढून डिझेलचं बसवलं आणि आरसी बुकात रीतसर नोंदवून घेतलं. काकांच्या आयुष्यातली वेळेवर झालेली ही एकमेव सरकारी नोंद. मग बरीच वर्षं जीपने खत, सरकी, पाहुणे आणि एकदा आख्खं भजनी मंडळ वाहिलं. पुढे ती गोठ्याशेजारी उभी राहिली, कोंबड्यांनी तिचा ताबा घेतला, आणि निवृत्तीनंतर काकांना अचानक दिसलं की आपल्या दारात एक क्लासिक गाडी उभी आहे.

मग तिचं रूप पालटलं. पत्रा ठोकला, पुट्टी भरली, कमानीचे पाटे बदलले, टप नवा शिवला. रंग मिलिटरीचा हिरवा, बोनेटवर पांढरा तारा, पुढे एलईडी दिव्यांची पट्टी, आणि काचेच्या कडेने वर जाणारं एक काळं नळकांडं. खोल पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून ते असतं. नळगंगा धरण भरलेलं असताना काका त्यात जीप घालणार होते की काय, हे कुणी विचारलं नाही.

पहिला भाव काकांचा. त्यांनी बिलं एका पिशवीत जपून ठेवली होती. त्यांची बेरीज ४ लाख ७२ हजार. या बेरजेत ६.००-१६ मापाचे पाच टायर होते, रेडिएटर होता, आणि मिस्त्रीच्या मुलीच्या लग्नातला आहेरही होता. “तो कशात धरला?” मी विचारलं. “तो केला नसता तर त्यानं पाटे टाकले असते का?” हे बिनतोड होतं. त्यावर स्वतःच्या देखरेखीची मजुरी धरून काकांनी सहा लाख हा आकडा काढला. घातलेला पैसा परत यायलाच पाहिजे, हा विचार बँकेत चालतो, शेतीत चालत नाही. हे आयुष्यभर कपाशी पेरणाऱ्या माणसाला सांगायला मी धजलो नाही.

दुसरा भाव मिस्त्रीचा. त्याने इंजिन चालू केलं, कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, “सात. पाचच्या खाली देसान तं माहा अपमान हाये.” मिस्त्री स्वतःच्या कामाची किंमत करत होता. जीप त्या कामाला निमित्तमात्र होती.

तिसरा आला भंगारवाला. हा माणूस सगळ्यांत शास्त्रशुद्ध. त्याने नजरेनेच वजन केलं: टनभर. किलोमागे तीस रुपये, म्हणजे तीस हजार, टायर वेगळे. तारा, रंग, शिवलेला टप यांना त्याच्या हिशेबात जागाच नव्हती. काकांनी त्याला फाटकाबाहेर काढलं खरं. पण आलेल्या सगळ्यांत खिशात रोकड घेऊन आलेला तो एकटाच होता, याची मी मनात नोंद केली.

मग बैलबाजारातले एक जुने दलाल आले. त्यांनी जीपला लांबून एक फेरी मारली, मागून जवळ आले, चाकाला हात लावून ते गरम आहे का पाहिलं आणि शेवटी तोंडासमोर उकिडवे बसले. बैलाचं वय दातांवर ठरतं: दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे दात आले की जुळला. त्यांनी जाळीतल्या उभ्या भेगा बोटाने मोजल्या. सात भरल्या. “जुळेल हाये,” ते म्हणाले. त्या भेगांना हसू नये. महिंद्राने २०१८ मध्ये अमेरिकेत रॉक्सर नावाची गाडी उतरवली, तेव्हा तिचा तोंडवळा जुन्या जीपसारखा आहे म्हणून फियाट क्रायस्लरने दावा लावला, आणि २०२० मध्ये महिंद्राला ते तोंड बदलावं लागलं. मोताळ्यात त्याच तोंडासमोर दलालांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, काकांचा हात त्याखाली घेतला आणि बोलणी सुरू झाली.

दुपट्ट्याखालच्या व्यवहाराचा नियम असा की बोटं दाबून आकडा सांगायचा आणि तोंडाने चकार शब्द काढायचा नाही. काकांनी पूर्ण पंजा दाबला. दलालांनी भुवया उंचावल्या, थोडं ओढून धरलं आणि पंजा कबूल केला. दोघेही समाधानाने चहाला बसले. समाधान कपात चहा असेपर्यंत टिकलं. काकांचे पाच म्हणजे पाच लाख होते, दलालांचे पाच म्हणजे पन्नास हजार. “हजार का लाख हे बोटानं कसं सांगाव, मालक?” दलाल म्हणाले. “बैलाच्या बाबतीत ते आपोआप समजते.”

यातल्या प्रत्येकाला ट्रायल हवी असे. आमच्याकडे ट्रायल म्हणजे राजूरचा घाट. बुलढाणा वर, मोताळा खाली. जाताना इंजिन कळतं, येताना ब्रेक. अमेरिकेत जुन्या गाड्यांना अवस्थेप्रमाणे एक ते चार असे दर्जे देतात आणि त्याबरहुकूम भावांची कोष्टकं छापतात. आमच्याकडेही दर्जे चारच आहेत: ‘एक नंबर’, ‘ओके’, ‘चालू’ आणि ‘घेऊन टाक’. पण ते घाट उतरून आल्यावरच मिळतात. डिझेल काकांचं. ट्रायल घेणाऱ्यांची नेमकी त्याच दिवशी बुलढाण्याला कचेरीत कामं निघत, हा निव्वळ योगायोग. एकाने तर ट्रायलमध्ये सातबारा काढून आणला.

एका स्थानिक पुढाऱ्यानेही येऊन पाहणी केली. त्याने ना बोनेट उघडलं, ना इंजिन ऐकलं. मागे चढून उभा राहिला, दांड्याला एका हाताने धरून दुसरा हात हलवून पाहिला आणि विचारलं, “मागं किती जण उभे राहतीन?” भाव त्याने सांगितलाच नाही. जीप मागितली. मिरवणुकीपुरती.

कुणीतरी सुचवलं की अक्षय तृतीयेपर्यंत थांबावं. आमच्याच जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला त्या दिवशी संध्याकाळी शेतात घटमांडणी होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घट पाहून पाऊस, पिकं आणि देशाच्या राजाचं भाकीत सांगतात. घटाभोवती मांडलेल्या धान्यांत जुन्या जीपसाठी दाणा नसला, तरी सल्ला अगदीच पोकळ नव्हता. आमच्याकडे गाड्यांचा बाजार कपाशी आणि सोयाबीनच्या मागे चालतो. भाव लागला त्या वर्षी दिवाळीनंतर भंगारातलीही जीप क्लासिक होते; नाही लागला, तर क्लासिकही ‘चालू’ दर्जात येते.

पाचवा भाव विम्याच्या कागदावरचा. विमा कंपन्यांच्या कोष्टकात नवी गाडी सहा महिन्यांत पाच टक्क्यांनी उतरते आणि पाचव्या वर्षी निम्म्यावर येते. पाच वर्षांनंतर कोष्टक संपतं. मग किंमत मालकाने आणि कंपनीने आपसांत ठरवायची. विम्याचा माणूस अदबीने म्हणाला, “काका, तुमीच सांगा. जेवढी सांगसान तेवढा हप्ता.” सहा लाखांवरून हलायला तयार नसलेले काका एका दमात ऐंशी हजारांवर आले आणि त्यांनी सही केली. विकताना सहा लाख आणि विमा उतरवताना ऐंशी हजार, यात त्यांना काहीच विसंगत वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. घराचा कर भरणाऱ्या कुणालाच वाटू नये.

याच सुमारास काकांनी एक उदाहरण तोंडपाठ केलं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून एक छोटी जीप बनवली होती, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. खर्च साठ हजारांच्या आसपास. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचा व्हिडिओ पाहिला आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. महाराष्ट्रात जीपचं मूल्यांकन इतक्या कमी चर्चेत दुसऱ्यांदा झालेलं नाही. काकांचा हिशेब त्रैराशिकाचा होता: साठ हजारांच्या जीपला एक बोलेरो, तर पावणेपाच लाखांच्या जीपला किती? उत्तर आठाच्या जवळ येत होतं. लोहारांनी जीप शून्यातून घडवली होती आणि काकांनी होती ती सजवली होती, हा फरक त्रैराशिकात बसत नव्हता.

सहावा भाव काकूंचा, आणि तो कुणी विचारला नव्हता. लिलावाच्या साठ हजारांपैकी वीस हजार बँकेचे होते आणि चाळीस हजार काकूंच्या पाटल्यांचे. तेव्हा सोनं तोळ्याला पाच हजारांच्या आसपास होतं, म्हणजे आठ तोळे. २०२५ मध्ये तोळा लाखापलीकडे गेला. “म्या इतके वर्सं काई म्हटलं नाई,” काकू तांदूळ निवडताना म्हणाल्या, “पण भाव काढूनच रायले तं सांगतो. आठ लाख माहे द्या, अन् जीप तुमाले ठेवा.” आजवरच्या सगळ्या भावांत हिशेबाचा आधार एवढा पक्का एकाचाच होता. काकांनी तो ऐकला आणि टायरची हवा तपासायला बाहेर गेले.

त्यानंतर आरटीओचा एजंट आला. हा भाव सांगत नाही, वजाबाकी सांगतो. आरसी बुक डोळ्यांजवळ धरून त्याने सुरुवात केली. बुकात रंग पांढरा, गाडी हिरवी. रंग बदलला तर नोंद पाहिजे. पण या रंगाची नोंदच होणार नाही, कारण मोटार वाहन नियमावलीतल्या १२१ व्या नियमाने ऑलिव्ह हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. म्हणजे ज्या रंगावर काकांनी सगळ्यात जास्त खर्च केला, तो आधी उतरवायचा. पुढे, बुकात बँकेचा बोजा तसाच होता. कर्ज फिटलं होतं, पण बोजा उतरवण्याचं पत्र घ्यायचं राहिलं आणि दरम्यान बँकच मिटली. पासिंग २०२७ पर्यंत ठीक. पण नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ ला ६०० ची ५००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना १०,०००, शिवाय पर्यावरण कर. एचएसआरपी पाटी बसवली होती, तेवढं एक बरं.

“मग व्हिंटेजमधी टाका ना,” काका म्हणाले. २०२१ च्या नियमांनी तशी सोय आहे खरी. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, वीस हजार फी, दहा वर्षांची नोंदणी. पण गाडी रोज फिरवायची नाही, फक्त प्रदर्शनाला, रॅलीला आणि तेलपाण्याला. आणि पहिलीच अट: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली हवीत. काकांची जीप २०३२ मध्ये पन्नाशीला पोचते. तोवर ती कायद्याच्या दृष्टीने नुसती जुनी.

आणि मग पुण्याहून खरा शौकीन आला. मोबाईलवरची जाहिरात पाहून आलेला, स्वच्छ टी-शर्ट घातलेला, खिशात बॅटरी आणि लोहचुंबक. मलकापूर स्टेशनवरून थेट. त्याने राम राम केला, सतरंजी मागितली आणि जीपखाली शिरला. बराच वेळ फक्त पाय दिसत होते. बाहेर आल्यावर त्याने चुंबक पत्र्याला लावायला सुरुवात केली. जिथे पत्रा होता तिथे तो चिकटे. जिथे पुट्टी होती तिथे टपकन खाली पडे. डाव्या मडगार्डवरून तो इतक्या वेळा पडला की शेवटी मिस्त्रीनेच तो झेलायला हात पुढे केला.

“हा तारा कशाचा?” पाहुण्याने विचारलं.

“मिलिटरीचा.”

“गाडी मिलिटरीची होती?”

“पाटबंधाऱ्याची.”

“म्हणजे १९८२ मध्ये पाटबंधारे खातं कुठे लढत होतं?”

काकांनी नळगंगेच्या दिशेने पाहिलं, पण बोलले नाहीत.

पुढच्या अर्ध्या तासात जे झालं त्याने मूल्यांकनाबद्दलची माझी सगळी समजूत उलटी झाली. पाहुण्याने एलईडी पट्टी, नळकांडं, नवं स्टिअरिंग, नव्या सीट यांच्यावरून नजर नुसती पुसून काढली. मग विचारलं, “यातलं मूळचं काढलेलं सामान कुठंय?” आम्ही त्याला गोठ्यात नेलं. गव्हाणीला आड म्हणून कंपनीचं नाव ठसवलेला मागचा फाळका लावला होता. पाहुण्याने म्हशीची परवानगी घ्यावी तसा तिच्याकडे पाहून फाळक्यावरून हात फिरवला. पऱ्हाटीच्या ढिगाखाली पेट्रोलचं मूळ इंजिन होतं. त्याने ठोकळ्यावरचा नंबर लुगड्याच्या चिंधीने पुसून वाचला, बुकाच्या पहिल्या पानाशी ताडून पाहिला आणि त्याचा श्वासच अडकला. खुराड्याच्या दाराला जुनी काळी नंबरप्लेट होती, पांढऱ्या अक्षरांची, १९८९ च्या ‘एमएच’च्या आधीच्या तीन अक्षरी मालिकेतली. तिच्यावर कोंबडीने केलेलं त्याने स्वतःच्या रुमालाने पुसलं.

मग तो ओट्यावर बसला आणि त्याने सातवा भाव सांगितला. जीप आहे तशी: २ लाख ४० हजार. गोठ्यातलं सामान: १ लाख १० हजार. “आणि काका, एक सांगू? लिलावातून आणली तशीच ठेवली असती, मूळ इंजिन, मूळ रंग, जाग्यावरचा पत्रा, गंजासकट, तर मी डोळे मिटून पाच दिले असते.”

काकांनी मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी केली. चार लाख बहात्तर हजार घालून त्यांनी पाच लाखांची जीप साडेतीनवर आणली होती. मिस्त्री उठून म्हशीला पाणी दाखवायला गेला.

पाहुण्याचं म्हणणं साधं होतं. रंग उद्या पुण्यातही मिळतो, सीट कुठेही शिवून मिळते, त्यामुळे त्यांना भाव नाही. कारखान्यातून निघालेला पत्रा, त्यावर ठसलेला नंबर आणि पहिला रंग या गोष्टी गाडीला एकदाच मिळतात. गेल्या की गेल्या. म्हणून जुन्या गाडीत जे केलं त्यापेक्षा जे करायचं राहून गेलं ते महाग. कागदांचंही तसंच: त्याने पॉलिसीवरचा ऐंशी हजारांचा आकडा वाचला, काकांकडे पाहिलं आणि न हसता ती घडी घालून परत दिली. बोजा उतरला आणि रंग गेला की फोन करा, असं सांगून तो फाळक्याचा फोटो काढून गेला.

त्या संध्याकाळी मला वाटलं, काका आता गोठ्यातल्या सामानाचे साडेतीन लाख म्हणतील, किंवा पाटी काढून टाकतील. पण काका शेतकरी माणूस; भाव कळला की माल त्याप्रमाणे काढायचा हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. त्यांनी मिस्त्रीला बोलावून घेतलं.

“पेट्रोलचं इंजिन परत बसवायले किती घेसीन?”

मिस्त्रीने आकडा सांगितला. पिशवीत आणखी बिलांना जागा होती.

“फाळका लावून दे. हिरवा रंग खरवडून काढ. तारा बी काढ. अन् तो गंज म्हणून रायला होता ना पाहुणा, तसा गंज आणून द्यायचे किती?”

मिस्त्रीने मडगार्डवर थाप मारली, विचार केला आणि धंद्यातल्या सचोटीने बोलला, “काका, गंज घाईत होत नाई. कच्चा राहते, हाताले लागते, पुण्यावाला लगेच ओळखते. पक्का पायजे असन तं गाडी बाहीर उभी ठेवा दोन पावसाळे. पण मंग मले रोज येऊन पाहा लागीन. त्याची मजुरी अलग.”